रूपालीची छपरी

रूपाली गेल्याची बातमी मला जामच्या चौकात कळली. शाळा सुटल्यावर मी हिंगणघाटच्या गाडीची वाट बघत उभा होतो. नागपूरकडून येणारे ट्रक एकामागून एक जात होते आणि फोनवर पलीकडून बोलणाऱ्या बाईंचा आवाज काही केल्या कळत नव्हता. मी दोनदा विचारलं, कोण बोलता म्हणून. मग ट्रकांची रांग जरा तुटली आणि रूपालीच्या आईचा आवाज ओळखू आला. "सर, रूपाली गेली... सकाळीच गेली. छातीत भरलं होतं, तीन दिवस दवाखान्यातच होती. तुम्हाले कळवू देत नव्हती, म्हणे रेवा घाबरते." मी काहीतरी बोललो असेन, काय बोललो ते आठवत नाही. गाडी आली आणि निघून गेली, मी तिथेच उभा. शेजारच्या टपरीवाल्यानं बसायला स्टूल दिलं.

याला आता पाच आठवडे झाले. रूपाली चौतीस वर्षांची होती. तिला जन्मापासून सिकलसेल होता. माझ्या मुलीला, रेवालाही तोच आजार आहे. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांमध्ये अडकतात आणि मग माणूस असा कळवळतो की बघणाऱ्याला बघवत नाही. आमच्या भागात हा आजार घरोघरी माहीत आहे, तरी ज्याच्या घरात येतो त्याला तो एकट्यालाच आल्यासारखा वाटतो. रेवा नऊ वर्षांची असताना तिला घेऊन मी वर्ध्याला महिन्याच्या तपासणीला गेलो होतो. बाकावर शेजारी एक किडकिडीत मुलगी मांडीवर कॉम्प्युटर आणि गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून काम करत बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रेवाकडे वळून म्हणाली, "तुले कुठं दुखते? मले तर आज गुडघ्यात." दोन वर्षं डॉक्टरांपुढे तोंड न उघडणारी माझी पोरगी तिला सगळं सांगायला लागली. कुठं दुखतं, कसं दुखतं, शाळेत कोण काय बोलतं... मी नुसता ऐकत राहिलो. त्यातल्या अर्ध्या गोष्टी मला माहीतच नव्हत्या.

ती मुलगी म्हणजे रूपाली. पुण्याला एका कंपनीत होती, पण तब्येत साथ देईना तेव्हा पिपरी मेघेला आईजवळ परत आली आणि घरूनच काम करू लागली. काम काय, असं मी विचारलं तर म्हणाली, "मोबाइलवर जे दिसते ना सर, त्यात बटन कुठं पाहिजे, त्याच्यावर काय लिहिलं पाहिजे, हे ठरवायचं." मला वाटलं, याला काय नोकरी म्हणायचं? पुढे कळलं की तिच्या मते जगातली निम्मी दुःखं चुकीच्या जागी लावलेल्या बटणांमुळे होती. लोकांना काही जमलं नाही की ते स्वतःला अडाणी म्हणवून घेतात, याची तिला फार चीड होती. "अडाणी तो हाय ज्यानं बनवलं," म्हणायची. आणि एकदा हसत म्हणाली, "माह्या रक्तातच अडकणं हाय सर. म्हणून मले अडकणाऱ्याचं समजते."

तेव्हा आम्हा सिकलसेलवाल्या घरांचा एक समूह होता, एका बड्या कंपनीच्या ॲपवर. साठेक घरं असतील. कोणाला रक्त हवं, कोणाच्या गोळ्या संपल्या, कोणाच्या मुलीचं लग्न ठरताना आजार सांगायचा की नाही, सगळं त्यात चालायचं. एका सकाळी तो समूह नाहीसा झाला. नियमभंग झाला, एवढीच एक ओळ. कोणता नियम, कोणी मोडला, विचारायचं कोणाला... काही नाही. मुलांच्या सुजलेल्या बोटांचे फोटो असायचे, औषधांची नावं असायची, त्यातलंच काहीतरी एखाद्या यंत्राला खटकलं असावं, असं रूपाली म्हणाली. चार वर्षांचं बोलणं गेलं. आठवडाभरानं ती म्हणाली, "भाड्याच्या घरात राह्यलो म्हणून हे झालं. आता आपलं घर बांधू."

ते घर म्हणजे विकेंद्रित समाजमाध्यम. हा शब्द मी तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. तिनं मला समजावलं ते असं, की तिथं सगळ्यांच्या वर बसलेली एक कंपनी नसते. कोणीही आपला सर्व्हर उभा करू शकतो, म्हणजे आपलं घर. या घरातला माणूस त्या घरातल्याशी बोलू शकतो, पण एका घराची मालकी दुसऱ्याकडे नसते, त्यामुळे कोणी उठून तुमचं घर पाडू शकत नाही. आपल्या घराचं नाव तिनं ठेवलं 'छपरी', म्हणजे आमच्याकडची घरापुढची पडवी. रेवा खो खो हसली. "ताई, छपरी? आजकाल पोरं शिवी देतात अशी!" रूपाली म्हणाली, "देऊ दे. आपल्याकडे पाहुणा आला तर पहिले छपरीतच बसते ना? आत जावं का नाई हे मंग पाहते." जगभरचे काही हौशी लोक मिळून या माध्यमाचं एक ॲप बनवत होते. त्याच्या पडद्यावरचं सगळं मराठी तिनं फुकट करून दिलं. रात्रंदिवस दुखण्यात असलेल्या बाईनं एवढं काम कधी केलं, मला कळत नाही.

मी स्वतः त्या घरात शिरताना पहिल्याच पायरीवर पडलो. ॲप उघडलं तर ते विचारतं, सर्व्हर निवडा. आता आमच्या लेखी सर्व्हर म्हणजे जो बँकेत आणि तहसीलमध्ये नेहमी बंद असतो तो. तो निवडायचा कसा? खाली परदेशी नावांची लांबलचक यादी. मी घाबरून फोन ठेवून दिला आणि रूपालीला सांगितलं की जमलं नाही, वय झालं. ती दुसऱ्या दिवशी बसनं जामला आली. फोन माझ्याच हातात ठेवला आणि म्हणाली, "मी काई बोलणार नाई. तुम्ही करा, मी फक्त पाहतो." अर्धा तास मी चुकत होतो आणि ती वहीत लिहीत होती. माणसं कशी शोधायची ते सापडेना. नाव टाकलं तर कोणी मिळत नाही, कारण नावापुढे घराचं नावही जोडावं लागतं. पत्त्यात गावाचं नाव असतं तसं, म्हणाली. मी विचारलं की एवढं अवघड कशाला, जुनं ॲप एका बोटात चालायचं. तिनं मान हलवली. "खरं हाय सर. तिथं चालणं सोपं होतं, पण दार त्यायच्या हातात होतं. इथं दार आपलं हाय, पण सापडत नाई. मले दोन्ही पाहिजे."

दोन्ही मिळायच्या आतच ते घडलं, ज्याबद्दल तिनं पुढे कधी मन मोकळं केलं नाही. गिरडची सुरेखा आमच्यातली. नवरा शेती करतो, मुलगी गौरी सहा वर्षांची. छपरी सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील. एका तपासणीच्या दिवशी सुरेखा आमच्यापासून लांब, खिडकीशी जाऊन बसली. गौरीचा उजवा हात मांडीवर पडून होता, ती तो उचलत नव्हती. रूपाली उठून तिच्याकडे गेली, मागोमाग मी.

"सुरेखा, गौरीचा हात असा काऊन हाय?"

"तुम्हाले काय करायचं हाय ताई? तवा तर कोनी विचारलं नाई."

"कवा?"

"मागच्या महिन्यात. पोरगी तडफडून राह्यली होती, रक्त लागत होतं, तिचं रक्त इथं मिळेना. मी दुपारी लिहिलं. मंग अजून लिहिलं. तीन डाव लिहिलं. एका माणसानं उत्तर नाई देल्लं. एवढे लोकं हाय म्हणता तुमच्या छपरीत... सगळ्यायनं पाहलं अन् गप बसले."

रूपालीनं तिच्याकडे फोन मागितला. सुरेखा देईना, मग दिला. मी रूपालीच्या खांद्यावरून पाहत होतो. तीनही संदेश तिथं होते. पहिल्यात शब्द नीट होते, तिसऱ्यात नुसतं 'कोनी हाय का'. तिन्हींखाली उत्तरं शून्य. रूपालीनं वर सरकवून पत्ता पाहिला आणि ती खालीच बसली, फरशीवर. सुरेखा छपरीत नव्हतीच. ॲप उघडल्यावर जे मोठं निळं बटण येतं ते तिनं दाबलं होतं आणि त्या बटणानं तिला सातासमुद्रापार कुठल्यातरी मोठ्या घरात नेऊन बसवलं होतं. छपरीचं नाव खाली बारीक अक्षरात होतं. त्या परक्या घरात तिला ओळखणारं कोणी नाही, छपरीतल्या कोणी तिला जोडून घेतलेलं नाही, त्यामुळे तिचं लिहिणं आमच्यापैकी एकाच्याही फोनवर आलं नव्हतं. रूपालीनं हे तिला समजावायचा प्रयत्न केला. "सुरेखा, तू आपल्या घरात नव्हतीच व. दुसऱ्याच घरात बसून आवाज देऊन राह्यली होती."

सुरेखानं फोन परत घेतला. मग म्हणाली, "मंग मले ते काऊन नाई सांगतलं? तिथं तर लिहिलं होतं, 'पाठवलं' म्हणून."

गौरीला रक्त मिळालं होतं, संध्याकाळी, दवाखान्यात भेटायला आलेल्या एका अनोळखी माणसाकडून. मेंदूच्या वाहिनीत अडथळा आला तो त्याच्या आधी की नंतर, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले की रक्त मिळेपर्यंत गेलेल्या चार तासांशी हाताचा संबंध लावता येणार नाही. मी ते वाक्य रूपालीला बसस्टँडपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकवत होतो. ती ऐकत नव्हती. शेवटी म्हणाली, "सर, 'पाठवलं' हा शब्द माहा हाय. मी लिहिला तो. मले वाटलं, छोटा हाय, सोपा हाय, लोकायले समजंल..."

मला वाटतं, गौरीच्या हातापेक्षाही तिला दुसरी गोष्ट जास्त लागली होती. महिनाभर सुरेखा असं समजून जगली होती की साठ घरांनी तिचा आवाज ऐकला आणि मान फिरवली. यंत्र मुकं राहिलं होतं आणि तिनं ते माणसांचं मुकेपण धरलं. त्यात तिची काय चूक? मीही तेच धरलं असतं.

त्यानंतर रूपाली बदलली. हसणं कमी झालं. ती घरोघर जायला लागली, गिरड, समुद्रपूर, जाम, कुठेही. दुखणं नसेल त्या दिवशी बसनं, असेल त्या दिवशी कोणाच्या गाडीवर मागे बसून. लोकांशेजारी बसायची, ते कुठं थांबतात ते बघायची आणि ॲप बनवणाऱ्यांना लांबलचक पत्रं लिहायची. त्यातली काही तिनं मला वाचून दाखवली. तिची मागणी साधी होती. आमच्या आमंत्रणावरून कोणी आला तर त्याला सर्व्हर विचारू नका, सरळ आमच्या घरात आणा. आणि लिहिलेलं जर कोणापर्यंतच पोचणार नसेल तर 'पाठवलं' म्हणू नका, 'हे अजून कोणालाही दिसत नाही' असं स्पष्ट सांगा. पलीकडची माणसं वाईट नव्हती. पण एकाचं म्हणणं, निवडीचं स्वातंत्र्य हाच तर आपला पाया, तो पहिल्या पायरीवर लपवायचा कसा? दुसऱ्याचं म्हणणं, घरं वेगवेगळी असल्यामुळे संदेश नेमका कुठवर गेला हे खात्रीनं सांगताच येत नाही. तिसरा म्हणाला, असं लिहिलं तर नवा माणूस घाबरेल. याला तिनं उत्तर दिलं होतं की घाबरला तर तो फोन करेल, शेजाऱ्याला उठवेल, रस्त्यावर जाऊन ओरडेल. तुमच्या भरवशावर बसून राहणार नाही. पहिली मागणी त्यांनी बऱ्याच महिन्यांनी मान्य केली. दुसरीवर अजून चर्चाच चालू आहे.

तोवर अर्ध्याहून अधिक घरं छपरी सोडून जुन्या ॲपवर परत गेली होती. तिथं त्यांनी नवा समूह काढला. मी चिडून बोललो तर रूपालीनं मलाच गप्प केलं. "जाऊ द्या सर. दुखणाऱ्या माणसाले आधी सोपं पाहिजे." सुरेखाला मात्र तिनं स्वतः गिरडला जाऊन छपरीत आणलं. घर बदलता येतं, पण जुन्या घरात लिहिलेलं सोबत येत नाही. सुरेखाचे ते तीन संदेश तिकडेच राहिले. काढून टाकू का, असं रूपालीनं विचारलं तर सुरेखा म्हणाली, "राहू द्या तिथंच." ती आली, पण बरेच दिवस नुसती वाचायची, लिहायची नाही.

आता मला माझ्याबद्दल लिहायला हवं. गेल्या दिवाळीनंतर रूपालीनं मला पिपरी मेघेला बोलावलं. आईनं चहा ठेवला होता. रूपालीचं वजन फार उतरलं होतं, खुर्चीत उशी ठेवून बसली होती. म्हणाली, "सर, छपरीची चावी तुमच्यापाशी पण राहू द्या. मले काई झालं तर..." मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही, आपण सगळे तसंच करतो. तिनं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. घर सांभाळणाऱ्यासाठी जो पडदा असतो तो होता. सगळा इंग्रजीत, पन्नासेक खटके, एकाखाली एक आणि काही लाल. एक लाल बटण दाबलं तर माणूस कायमचा घराबाहेर जातो, असं तिनं सांगितलं आणि मी हात मागे घेतला.

"गणित शिकवता अन् बटनाले भेता, सर?"

मी म्हणालो, चुकून एखाद्या सुरेखाला बाहेर काढलं तर? ती हसायची थांबली. मग म्हणाली, "खरं हाय. ही कोणाच्या हाती द्यासारखी चीज नाईच. थांबा, मी इले आधी साधी करतो, मराठीत करतो, मंग देतो." मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरंच हायसं वाटलं. मी म्हणालो, काही घाई नाही, दहावीचे पेपर तपासून झाले की निवांत बसू. तिनं मान डोलावली. पेपर तपासून झाले, आणि ती नाही.

तेरवीनंतर मी तिच्या घरी गेलो. आई तिच्या टेबलावरची धूळ रोज पुसतात. कॉम्प्युटर मिटलेला. "उघडते का पाहा सर, काई असंन त्यात," म्हणाल्या. मी तीन-चार शब्द टाकून पाहिले, नाही उघडला, आणि आणखी चुकलो तर कायमचा बंद होईल या भीतीनं सोडून दिला. ॲपवाल्या त्या दूरच्या माणसांना मी मोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यांनी फार आपुलकीनं उत्तर दिलं. त्यातल्या एकानं लिहिलं की तिच्याशी भांडून भांडून तो बरंच शिकला. पण छपरीची चावी त्यांच्याकडे नाही, कोणाकडेच नाही. वर कोणी बसलेलं नाही, हीच तर त्या घराची रचना. तिला तेच हवं होतं.

गेल्या आठवड्यात, रविवारी सकाळी, सुरेखाचा फोन आला. गिरडमध्येच ज्योत्स्ना म्हणून एक बाई आहे, तिच्या दोन वर्षांच्या मुलीचा सिकलसेलचा रिपोर्ट नुकताच आला. सुरेखा तिच्या घरी जाऊन शेजारी बसली होती. आमंत्रण पाठवलं, सर्व्हर विचारला गेला नाही, निळं बटण आडवं आलं नाही, ज्योत्स्ना सरळ छपरीच्या दाराशी पोचली. पण रूपाली असताना मागे एकदा एक जडीबुटी विकणारा छपरीत शिरून आयांना भुलवायला लागला होता. तेव्हापासून आत येणाऱ्या प्रत्येकाला रूपाली स्वतः पाहून मग घ्यायची. तोवर दाराशी थांबणाऱ्याला काय दिसतं, हे आम्हा आतल्यांना माहीतच नव्हतं. ज्योत्स्नाला ते दिसलं.

"सर," सुरेखा हळू आवाजात म्हणाली, "ताई गेल्या ना? मंग हे कोण लिहून राह्यलं?"

मी काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. तिनं वाचलं, "'आलात, बरं झालं. जरा बसा, पाणी घ्या. मी दार उघडून राह्यली.'"

मी तिला सांगितलं की हे रूपालीनंच कधीतरी लिहून ठेवलं असणार, येईल त्याला ते आपोआप दिसतं. मागून लहान मुलाचं रडणं ऐकू येत होतं. मग मी माझा नंबर ज्योत्स्नाला द्यायला सांगितला. तिचा फोन दुसऱ्या दिवशी आला. पोरीला पाणी किती पाजायचं, ताप आला तर कुठं न्यायचं, मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं, आणि शेवटी तिला रूपालीबद्दलही सगळं सांगितलं. ते दार आता उघडणार नाही, हेही सांगितलं. "बरं," म्हणाली. पण तिनं आत येण्याची विनंती मागे घेतलेली नाही. सुरेखा सांगते, सकाळी पोरीला औषध दिलं की ती एकदा फोन उघडून बघते. तीच तीन वाक्यं असतात... बरं झालं, बसा, पाणी घ्या. ती वाचते आणि कामाला लागते.